गदा कुणाच्या खांद्यावर? मुरलेला मल्ल आणि चालू विजेता यांच्या लढतीचा अंदाज कसा बांधावा

डिसेंबर २०१६ मध्ये पुण्यात वारज्याला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली. एका बाजूला होता चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी. २०१४ ची गदा त्याने अहमदनगरला आणि २०१५ ची नागपूरला जिंकलेली होती. दुसऱ्या बाजूला पुण्याचा अभिजित कटके होता. वयाने लहान, चढत्या फॉर्मातला आणि घरच्या प्रेक्षकांसमोर लढणारा. विजयने ती कुस्ती मारली आणि नरसिंग यादवनंतर सलग तीनदा गदा उचलणारा तो दुसरा मल्ल ठरला. पुढच्याच वर्षी भूगावला कटकेने गदा मिळवली.

मुरलेला गडी आणि नव्या दमाचा गडी समोरासमोर आले की जळगाव-धुळ्याच्या चहाच्या टपरीपासून तालमीच्या ओट्यापर्यंत एकच चर्चा रंगते. कुणी म्हणतं, अनुभवापुढे काही चालत नाही. कुणी म्हणतं, दम संपला की अनुभव काय कामाचा! दोन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच त्यांच्यावर अंदाज उभा राहत नाही. अंदाज बांधायची एक रीत आहे. ती शिकता येते आणि तिने कुस्ती बघण्याची गोडीही वाढते. ती रीत इथे एकेक पायरी घेऊन मांडतो.

आधी नियम वाचा

कोण जिंकेल हे विचारण्याआधी जिंकायचं कशावर आहे, ते विचारावं. खानदेशातल्या यात्रा-उरुसांत भरणाऱ्या आम दंगलीत मातीवरची कुस्ती पाठ टेकल्याशिवाय निकाली होत नाही. दोघं तुल्यबळ निघाले, खडाखडीतच वेळ गेला, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. अशा कुस्तीचा अंदाज दोन नव्हे, तीन शक्यतांचा असतो. १९७७ साली महाराष्ट्र केसरी चाळीसगावला भरली होती आणि त्या वर्षी किताब कुणालाच मिळाला नाही. तेव्हा अमुकच जिंकणार असं छातीठोक सांगणारे सगळेच चुकले.

मॅटवरचं गणित वेगळं आहे. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकललं तर एक गुण. खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन. खाली असलेल्याला भारंदाज मारून त्याची पाठ मॅटकडे वळवली तर आणखी दोन. उभ्याने उचलून थेट धोक्याच्या स्थितीत टाकलं तर चार, आणि तो डाव फार उंचीचा असेल तर पाच. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. दोन्ही खांदे टेकले तर गुणफलकावर काहीही असो, चितपट. गुण समान राहिले तर मोठ्या गुणांचा डाव कुणाचा, ताकिदी कुणाला कमी आणि शेवटचा गुण कुणी घेतला, यावरून विजेता ठरतो. बरोबरी नाही.

मुरलेल्या मल्लाला सगळ्यात जड जाणारा नियम निष्क्रियतेचा आहे. जो लढत नाही त्याला पंच आधी समज देतात आणि मग तीस सेकंदांचं घड्याळ लावतात. तेवढ्या वेळात कुणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण मिळतो. मातीत वेळ काढून, मान दाबून, समोरच्याला थकवून मग डाव टाकणं ही जुनी, खरी विद्या आहे. मॅटवर त्याच विद्येला दंड बसतो. म्हणून तोच मल्ल, तीच जोड असूनही अमळनेरच्या आखाड्यातला अंदाज आणि पुण्याच्या मॅटवरचा अंदाज एक असू शकत नाही.

सुरुवातीचा आकडा

नियम कळले की पहिला आकडा मांडायचा. हा आकडा नावं न बघता मांडावा. आजवर अशा लढतींत काय झालं?

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ ची आणि महाराष्ट्र केसरी सुरू झाली १९६१ साली. दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, ही स्पर्धा धुळ्याला झाली आणि भगवान मोरे केसरी झाला. तेव्हापासूनच्या सहा दशकांत सलग दोनदा जिंकणारे गणपतराव खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, चंद्रहार पाटील असे मोजके मल्ल आहेत. सलग तीनदा जिंकणारे दोनच. यावरून चालू केसरी बहुधा हरतोच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. बरेच केसरी पुढच्या वर्षी स्पर्धेत उतरतच नाहीत. कुणी नोकरीत रुजू होतो, कुणी हिंद केसरीकडे वळतो, कुणी दुखापतीतून सावरत असतो. जो उतरलाच नाही तो हरला असं धरायचं नाही. यादीवरून खात्रीने कळतं ते एवढंच: गदा राखणं फार अवघड, पण ज्याने एकदा राखली त्याच्याकडे साध्या यशापलीकडचं काही आहे.

विजेता विजेता का झाला, हेही इथेच बघावं. किताब मिळाला याचा अर्थ अलीकडच्या काळात त्याने चांगल्या मल्लांना ओळीने हरवलं आहे. हा ताजा पुरावा आहे. मुरलेल्या मल्लाचं नाव मोठं असतं, पण त्याचा पुरावा बऱ्याचदा जुना असतो. म्हणून दुसरं काहीच माहीत नसेल तर मी विजेत्याला शंभरात साठ आणि मुरलेल्याला चाळीस देऊन सुरुवात करतो. हा आकडा फक्त उंबरठा आहे. पुढच्या प्रत्येक पायरीवर तो हलतो.

वयाचा हिशेब

वय म्हणजे एक आकडा नव्हे. शरीराच्या वेगवेगळ्या कुवती वेगवेगळ्या वेगाने ओसरतात आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

सगळ्यात आधी जाते ती चपळाई. समोरच्याचा हात पायाकडे येताना दिसणं आणि पाय मागे घेणं यांतलं अंतर तिशीनंतर हळूहळू वाढतं. त्यानंतर जातो पुन्हा उभं राहण्याचा दम. एक जोरदार झटापट झाली की तरुण मल्लाचा श्वास लवकर जाग्यावर येतो, वय झालेल्याला वेळ लागतो. पकडीची ताकद, पाठीची ताकद आणि मानेचा चिवटपणा मात्र बराच काळ टिकतो. नियमित मेहनत असेल तर तिशीच्या मध्यावरही हात तेवढाच जड लागतो. उलट वयाबरोबर वाढणारी गोष्ट म्हणजे समोरच्याचा डाव सुरू होण्याआधी ओळखणं. खांदा किती झुकला, पुढच्या पायावर भार किती आला, एवढ्यावरून वस्ताद गडी ओळखतो की आता एकेरी पट येणार.

या सगळ्यापेक्षा जन्मतारीख कमी महत्त्वाची. किती वर्षं मेहनत झाली, गुडघा आणि खांदा किती वेळा दुखावला, गेल्या वर्षभरात किती कुस्त्या लढल्या, हे विचारावं. आपल्या विजयचंच उदाहरण घ्या. तिसऱ्या गदेनंतर तो पोलीस उपअधीक्षक झाला, जबाबदारीची नोकरी अंगावर आली. तरी २०२३ साली कॅनडात विनिपेगला झालेल्या जागतिक पोलीस आणि अग्निशमन क्रीडा स्पर्धेत त्याने १२५ किलो गटात सुवर्णपदक जिंकलं. नोकरी लागली म्हणजे मल्ल संपला, हे गृहीत धरणाऱ्याने हा निकाल ध्यानात ठेवावा. पण त्याच निकालावरून तो उद्या चोविशीतल्या केसरीला मॅटवर सहा मिनिटं पुरेल, असंही सिद्ध होत नाही. त्या स्पर्धेतले प्रतिस्पर्धी नोकरी सांभाळून खेळणारेच असतात. कुठला पुरावा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे तपासणं हाच अंदाजाचा गाभा आहे.

डावाला डाव

आता नावं बघायची. कोण मोठा यापेक्षा कुणाचा डाव कुणाच्या अंगावर बसतो, हे इथे ठरतं.

एक साधा तक्ता करा. डावीकडे विजेत्याचे ठरलेले तीन डाव लिहा, उजवीकडे मुरलेल्याचे. विजेता एकेरी पटावर गुण घेतो का? घेत असेल तर मुरलेला मल्ल पट आला की अंग मागे टाकून छातीचा भार मानेवर देतो का, आणि तिथून घिस्सा मारतो का? विजेत्याला ढाक आवडत असेल तर त्यासाठी त्याला अंगाला अंग भिडवावं लागतं. अंगाला अंग भिडलं की मुरलेल्याच्या पकडीची ताकद कामाला येते. विजेता लांबून खेळत असेल, हात झटकून पायावर येत असेल, तर तीच ताकद वाया जाते.

वजनाचीही नोंद घ्या. केसरी गटात ८६ ते १२५ किलोपर्यंतचे मल्ल एकत्र लढतात. एवढं अंतर दुसऱ्या कुठल्याच गटात नसतं. जड मल्ल वरून दाबून थकवतो, हलका मल्ल कोनात फिरून पाय शोधतो. पण वजनाला अखेरचा शब्द मानू नका. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला शिवराज राक्षेने धिप्पाड महेंद्र गायकवाडला मिनिटभरातच चितपट करून गदा घेतली.

असाच आणखी एक पक्का समज आहे: मॅटचा मल्ल मॅटवर हरत नाही. महाराष्ट्र केसरीत एक अंतिम मल्ल मातीतून येतो, दुसरा मॅटवरून येतो आणि शेवटची कुस्ती मॅटवर होते. २०१८ मध्ये जालन्याला मॅटवरून आलेला अभिजित कटके गदा राखायला उभा होता. समोर मातीतून आलेला बुलढाण्याचा बाला रफिक शेख. बाला रफिकने ११-३ अशी बाजी मारली. मॅटवाल्याला थोडं झुकतं माप द्यावं, पण समोरच्या मातीतल्या मल्लाने मॅटचा सराव किती केला आहे, हे विचारूनच.

मिनिटांचा नकाशा

चांगला अंदाज नुसतं नाव सांगत नाही, कुस्ती कशी चालेल हे सांगतो. त्यासाठी सहा मिनिटांचे तीन भाग करा.

पहिली दोन मिनिटं मुरलेल्या मल्लाची. तो ताजा असतो, पकड घट्ट असते, समोरच्याची चूक तो लगेच पकडतो. चितपट करायची त्याची खरी संधी इथेच असते. मधली दोन मिनिटं दोघांचीही. इथे निष्क्रियतेचं घड्याळ कुणावर लागतं ते बघा, कारण त्या एका गुणाने पुढची सगळी कुस्ती बदलते. मागे पडलेल्याला उघडं पडावं लागतं. शेवटची दोन मिनिटं ज्याचा दम टिकतो त्याची, आणि ती बहुधा तरुणाची असतात.

म्हणून मुरलेल्या मल्लाबद्दल विचारायचा नेमका प्रश्न असा: पहिल्या फेरीअखेर तो आघाडीवर असेल का? तो पिछाडीवर असेल तर त्याच्या जिंकण्याची शक्यता झपाट्याने घटते. तो दोन-तीन गुणांनी पुढे असेल तर त्याचा अनुभव आता आघाडी राखण्यासाठी वापरता येतो, आणि अनुभवाचा सर्वांत जास्त उपयोग तिथेच आहे.

एक काल्पनिक जोड मांडून बघू. चौतीस वर्षांचा मल्ल आणि चोवीस वर्षांचा चालू केसरी. सुरुवात साठ-चाळीस. केसरीचा दम सरस म्हणून त्याला आणखी आठ. केसरी एकेरी पटावर अवलंबून आणि मुरलेल्याचा बचाव पक्का, म्हणून केसरीचे सहा कमी. मुरलेला वर्षभर मॅटवर क्वचितच उतरला, म्हणून केसरीला तीन. झाले पासष्ट-पस्तीस. आता हे तोडून लिहा: केसरी गुणांवर ४५, केसरी चितपट किंवा दहा गुणांच्या आघाडीने २०, मुरलेला चितपट २०, मुरलेला गुणांवर १५. असं तोडून लिहिलं की कळतं, या मुरलेल्या मल्लाची अर्ध्याहून जास्त आशा चितपटीवर आहे. तो जिंकलाच तर लवकर जिंकेल. हा खरा अंदाज, कारण कुस्ती चालू असतानाच तो तपासता येतो.

ताजी खबर आणि तिचं वजन

कुस्तीआधीच्या आठवड्यात खबरा येऊ लागतात. अमक्याच्या गुडघ्याला पट्टी आहे, तमक्याने वस्ताद बदलला, कुणी वजन उतरवतोय. खानदेशात आखाजीच्या सुमारास पारा चाळिशीपार असतो. तेव्हा भर दुपारच्या दंगलीत अंगातलं पाणी कुणी किती राखलं, यावरही दम ठरतो. यातली दुखापतीची आणि सरावातल्या खंडाची खबर मोलाची. तिने आकडा पाच-दहाने हलवायला हरकत नाही. फोटोतले दंड आणि भाषणातला आवेश यांना शून्य गुण द्यावेत.

मागची एक कुस्ती कशी झाली, यालाही फार वजन देऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनांच्या वादामुळे महाराष्ट्र केसरी दोनदा झाली. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत झोळीवर आस्मान दाखवलं. तेवढंच पाहिलेल्याने राक्षे संपला असं म्हटलं असतं. त्याच महिन्यात धाराशिवला राक्षेने माजी केसरी हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. सदगीर हा आधीचा विजेता, मॅटवर तयार झालेला, मोठ्या अंतिम कुस्तीचा अनुभव असलेला मल्ल होता. तरी जानेवारीत गदा जिंकलेल्या राक्षेने त्याला वाव दिला नाही. काही सेकंदांची एक चूक मल्लाची कुवत सांगत नाही. वर्षभरातल्या दहा कुस्त्या सांगतात.

पिंजऱ्यातली लढत

आता आपल्याकडची पोरं रात्री जागून मोबाईलवर मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती बघतात आणि तिथेही मुरलेला विरुद्ध चॅम्पियन ही चर्चा तितकीच रंगते. रीत तीच, फक्त रकाने वाढतात. ठोसा, लाथ, गुडघा, पट, जमिनीवरची पकड, गळा आवळणं, सांधा पिळणं असं सगळं तिथे चालतं. साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, किताबाची पाच फेऱ्यांची. लढत मध्येच संपली नाही तर तीन पंच प्रत्येक फेरीला गुण देतात; फेरी जिंकणाऱ्याला दहा, दुसऱ्याला बहुधा नऊ.

इथे दोन गोष्टी मुरलेल्याच्या विरोधात जातात. पंचवीस मिनिटं हा दमाचा मोठा कस आहे, आणि डोक्यावर खाल्लेल्या ठोशांचा हिशेब शरीर विसरत नाही. एक गोष्ट त्याच्या बाजूने असते: एका क्षणाच्या पकडीने किंवा ठोशाने सगळा खेळ संपू शकतो.

ग्लोव्हर टेशेरा या ब्राझिली लढवय्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, अबू धाबीला यान ब्लाखोविचचा गळा दुसऱ्याच फेरीत आवळून यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स संघटनेचा लाइट हेवीवेट किताब घेतला. पुढच्या जूनमध्ये सिंगापूरला तरुण यिरी प्रोहाझ्काने त्याच टेशेराला पाचव्या फेरीची शेवटची काही सेकंदं उरली असताना हार मानायला लावली. मिनिटांचा नकाशा इथेही तसाच दिसतो: मुरलेला जिंकला तो लवकर, हरला तो अगदी शेवटी. या नकाशाला छेद देणारं उदाहरणही आहे. कुस्तीतून आलेल्या रँडी कुटूरने २००७ साली, ४३ व्या वर्षी, आपल्यापेक्षा कितीतरी उंच असलेल्या टिम सिल्व्हियाला पाचही फेऱ्या खेळून गुणांवर हरवलं. त्याने लढत अंगाला अंग भिडवून, खाली घेऊन, स्वतःच्या गतीने चालवली. गती ज्याच्या हातात, दम त्याचा कमी खर्च होतो.

आपल्या मल्लांसाठी धोक्याची एक जागा सांगितली पाहिजे. कुस्तीतून आलेला भारत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला, तेव्हा सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत त्याचा गळा आवळून लढत संपवली. कुस्तीत पट काढताना मान समोरच्याच्या काखेजवळ गेली तरी फार बिघडत नाही. पिंजऱ्यात तीच मान काखेत दाबून गळा आवळला जातो. म्हणून कुस्तीगीर पिंजऱ्यात उतरला की त्याचे पट किती चांगले, याच्याआधी पट काढताना मान कुठे असते, ते बघावं.

वही ठेवा

शेवटची पायरी सर्वांत सोपी, आणि ती कुणीच करत नाही: अंदाज कुस्तीआधी लिहून ठेवणं. तारीख, जोड, शंभरातला आकडा आणि कारण. निकाल लागला की त्याचा हिशेब करा. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० साली यासाठी एक साधं मोजमाप दिलं. तुम्ही सत्तर टक्के म्हणालात आणि तसं घडलं, तर एकातून ०.७ वजा करून उरलेल्या ०.३ चा वर्ग करा: ०.०९. तसं घडलं नाही तर ०.७ चा वर्ग: ०.४९. सगळ्या अंदाजांची सरासरी काढा. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. डोळे मिटून प्रत्येक वेळी पन्नास-पन्नास म्हणणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. तुमची त्याहून जास्त येत असेल तर तुम्ही आपल्या आवडत्या मल्लाच्या प्रेमात मोजमाप विसरताय. सरासरीला अर्थ येण्यासाठी वीस-पंचवीस कुस्त्या तरी हव्यात. यात्रांचा एक हंगाम त्याला पुरतो.

या रीतीचा उपयोग पैसे लावण्यासाठी करू नका. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने सट्टा हा गुन्हा आहे, आणि कुस्तीवर सट्टा आला की पहिला बळी कुस्तीच्या इमानाचा जातो.

माझं मत विचाराल तर ते असं: मॅटवर सहा मिनिटांच्या कुस्तीत चालू विजेत्याला झुकतं माप द्यावं. मुरलेल्यावर विश्वास ठेवायचा तो तिथेच, जिथे त्याचा बचाव विजेत्याच्या मुख्य डावावर बसतो आणि पहिल्या फेरीअखेर तो आघाडीवर असेल असं मानायला कारण आहे. ही दोन्ही कारणं नसतील तर नावाच्या वजनाला भुलू नका. येत्या हंगामात दंगलीला जाल तेव्हा खिशात एक छोटी वही असू द्या, शेवटची मानाची जोड लागण्याआधी आपला आकडा आणि त्याचं कारण लिहा, आणि शेजारी बसलेल्या पोरालाही लिहायला सांगा.